शोभेच्या बाटल्या

आमच्या रुग्णालयात सॅनिटायझरची एकच बाटली नियमित संपायची, आणि ती होती बैठकीच्या खोलीत. संसर्ग नियंत्रण समितीची बैठक सुरू झाली की साहेब स्वतः ती बाटली पुढे ओढायचे, दोनदा दाबायचे, हात चोळायचे आणि मग बिस्किटांची बशी जवळ घ्यायचे. त्यांचं बघून बाकीचे. बाटली टेबलभर फिरायची, खोलीत स्पिरिटचा वास पसरायचा आणि रुग्णांना जंतूंपासून कसं वाचवायचं यावर चर्चा करायला आम्ही मोकळे व्हायचो. तेव्हा मला यात काही खटकलं नाही. आता ती खोली नुसती आठवली तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

मी त्या समितीची सचिव. हुद्दा संसर्ग नियंत्रण परिचारिका, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला वेळ कुणाला आहे? सगळे मला साबणबाई म्हणायचे. माझ्या माघारी म्हणायचे आणि त्यांना वाटायचं, हिला काही पत्ता नाही. घरीही तीच तऱ्हा. मी कामावरून आले की सासूबाई आतून ओरडायच्या, "धुतलेत गं बाई हात, येऊन बघायचेत का?" आणि नवरा दोन्ही तळवे पुढे करून शाळेतल्या पोरासारखा उभा राहायचा. मी हसायचे. डोकं माझं लवकर तापतं, पण चेष्टा कळते मला.

काम मात्र मी जीव तोडून केलं होतं. साहेब म्हणजे आमच्या रुग्णालयाचे प्रमुख, स्वतः लहान मुलांचे डॉक्टर. त्यांनी संसर्ग नियंत्रणाचा कार्यक्रम उभा करायचं माझ्या गळ्यात घातलं तेव्हा सगळा आनंदच होता. मी प्रत्येक वॉर्डात जाऊन शिकवलं. हात कसे धुवायचे याची चित्रं जागोजागी लावली. भांडून भांडून प्रत्येक खाटेला, आणि नवजात विभागात प्रत्येक पाळण्याला, एकेक सॅनिटायझरची बाटली मिळवली. मग दर आठवड्याला फिरून तपासणी सुरू केली: बाटली जागेवर आहे का, भरलेली आहे का, लोक हात साफ करतात का. आकडे असे सुरेख यायचे की साहेबांची छाती फुगायची. मानांकन द्यायला बाहेरची समिती येणार होती आणि तिच्यापुढे ठेवायला त्यांना नेमकं हेच हवं होतं.

नवजात विभाग तर सगळ्यांच्या पुढे. तिथल्या मोठ्या सिस्टरांना साहेबांनी दोन ढाली दिल्या होत्या, एक स्वच्छतेची आणि एक सामानात बचत केल्याची. दोन्ही एकाच भिंतीवर, शेजारी शेजारी. मी त्या भिंतीखालून कितीदा गेले असेन. एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की ज्या विभागात सगळ्यात जास्त हात साफ होतात, तिथे सगळ्यात कमी सामान कसं काय लागतं!

अशात माझी नणंद, आमची ठमी, दिवस भरायच्या आधीच अडली. तिच्या सासरच्यांच्या मनात दुसरं रुग्णालय होतं. मीच हट्टाला पेटले. म्हटलं, "आमच्याकडे आणा. तिथला नवजात विभाग माझ्या नजरेखालचा आहे. याहून खात्री तुम्हाला कोण देणार?" ठमी म्हणाली, "वहिनी म्हणते ना, मग तिथेच." पोट उघडून मूल काढावं लागलं. मुलगी झाली, माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढी. आम्ही तिला पिटुकली म्हणू लागलो. ठमीचा रक्तदाब काही उतरेना, तिला खाटेवरून हलायचीही बंदी. पिटुकली नवजात विभागात, पाळण्यात, नाकात नळी.

अशा बाळांना उघड्या छातीशी धरून बसायचं असतं, म्हणजे त्यांना ऊब मिळते आणि वजन धरतं. आईला जमत नसेल तर आजी, मावशी, मामी, घरातली कुठलीही बाई चालते. आमच्याकडून सासूबाई बसायच्या. सकाळी जायच्या त्या दुपारपर्यंत हलायच्या नाहीत. घरी आल्या की सांगायच्या, "आज तिने जांभई दिली. एवढ्याशा तोंडाची, पण जांभई बघ कशी ऐटीत!"

मग एका सकाळी प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या फोनवर कधी इकडचं तिकडचं बोलत नाहीत.

"नवजातमधल्या दोन बाळांच्या रक्तात एकच जंतू आलाय. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. तिसऱ्याचं रक्तही मघाशीच आलंय तपासायला."

दोन वेगवेगळ्या घरची बाळं, आणि रक्तात एकच जंतू. तो काही पाळण्यातून उतरून चालत जात नाही. त्याला कुणाच्या तरी हातांनी नेलेलं असतं.

मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, नवीन बाळं घेणं थांबवू या, आजारी बाळं वेगळी काढू या, जंतू कुठून येतोय ते शोधू या. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"बाहेरची समिती पुढच्या आठवड्यात येतेय. त्यांना काय सांगू, विभाग बंद आहे म्हणून?"

"जंतू फिरतोय म्हणून सांगा."

"अहो, अपुऱ्या दिवसांची बाळं ती. त्यांचं असं होतच असतं." मग ते हसून म्हणाले, "आणि तुमचेच आकडे सांगतायत की तिथे हात स्वच्छ आहेत. का तुमच्या आकड्यांवर तुमचाच विश्वास नाही?"

माझेच आकडे माझ्या तोंडावर मारून त्यांनी मला दाराबाहेर काढलं. मी चरफडत थेट नवजात विभागात गेले. दारावरच्या मावशी मला बघताच नेहमीसारख्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "या ताई, या!" मला दर वेळी वाटायचं, काय हो ही माया! आत गेले तर दोन्ही सिस्टर ट्रॉलीवरच्या बाटलीतून सॅनिटायझर घेऊन हात चोळत होत्या, अगदी चित्रातल्यासारखं. प्रत्येक पाळण्याशी बाटली, प्रत्येक बाटली काठोकाठ. चूक शोधायला गेलेली मी, हात हलवत परत आले. त्या दिवशी संध्याकाळी तिसऱ्या बाळाच्या रक्तातही तोच जंतू निघाला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना सर्दी झाली. सर्दी असलेल्या माणसाने नवजातमध्ये पाऊल ठेवायचं नाही, हा माझाच नियम. सासूबाई दारातच नाक पुसत म्हणाल्या, "तुझा नियम तूच निस्तर. जा, बस तिच्यापाशी. आणि मान नीट धर हं तिची, तुला बाई सगळ्याची घाई." मी रजा टाकली आणि पहिल्यांदाच पिटुकलीची मामी म्हणून त्या विभागात गेले.

नातेवाईक बायकांना आया जिथे दूध काढतात त्या खोलीकडच्या दारातून आत सोडतात. तिथे बेसिनवर मी कोपरापर्यंत हात धुतले. हिरवा गाउन, टोपी, मास्क. दिसायला फक्त डोळे उरले. त्या दाराशी मावशी नव्हत्या, त्यामुळे "या ताई" झालं नाही. एका सिस्टरने माझ्याकडे न बघताच पिटुकलीला नळीसकट उचलून माझ्या छातीवर ठेवलं आणि ती दुसऱ्या बाळाकडे पळाली.

पिटुकलीचं वजन लागतच नव्हतं. लागत होता तो तिचा श्वास, माझ्या गळ्याच्या खाली, ऊन ऊन. मी हलायलाही घाबरत होते. मला मूल नाही. ते दुःख मी कधीच बाजूला ठेवलंय असं मला वाटायचं, पण त्या खुर्चीत बसल्यावर मला रडू आलं, आणि मान खाली असल्याने ते कुणाला दिसलं नाही ते बरंच झालं.

शेजारच्या खुर्चीत एक बाई होती. तिच्या छातीशी तिचा मुलगा, पिटुकलीपेक्षा थोडा मोठा, टोपीतून काळेभोर केस बाहेर आलेले.

"आज आजी नाही आल्या?" तिने विचारलं.

"सर्दी झालीय. मी मामी."

"तुमच्या आजी फार बोलतात हो," ती हसली. "त्यांनी मला माझ्या सासूच्या चार गोष्टी विसरायला लावल्या. आज हा हसला बघा झोपेत. डॉक्टर म्हणतात, असंच वजन वाढलं तर आठवड्याभरात घरी."

आम्ही बोलत बसलो. पिटुकलीची नळी सरकल्यासारखी वाटली म्हणून मी ती बघण्याआधी सवयीने पाळण्याशी लावलेल्या बाटलीकडे हात नेला आणि दाबलं. बाटली दाबली गेली नाही.

"ती दाबू नका," शेजारची म्हणाली. "त्यातून काही येत नाही. शोभेची आहे ती."

"म्हणजे?"

"मी पहिल्याच दिवशी दाबून बघितली. मोठ्या सिस्टर रागावल्या. म्हणाल्या, समिती येणार आहे, तोवर भरलेलीच राहू दे. तेव्हापासून मी आपली बाहेरच जाऊन हात धुऊन येते."

मी वाकून नीट पाहिलं. कारखान्यातून बाटली येते तेव्हा तिचं वरचं बोंडूक खाली दाबून फिरवून बंद केलेलं असतं. ते उलटं फिरवल्याशिवाय थेंब बाहेर येत नाही. ते फिरवलेलंच नव्हतं. मी पलीकडच्या पाळण्याची बाटली पाहिली. तीही तशीच. त्याच्या पलीकडची तशीच. चौदा पाळणे, चौदा काठोकाठ भरलेल्या बाटल्या, आणि कितीतरी आठवडे मी त्यांच्यापुढे उभी राहून "भरलेली, उत्तम" अशी खूण करून गेले होते. भरलेली बाटली म्हणजे न वापरलेली बाटली, हे समजायला काय अक्कल लागते? ती मला नव्हती.

मग मी बघत राहिले. साबणबाईला जे कधी दिसलं नसतं ते मामीला सगळं दिसलं. दोन सिस्टर, चौदा बाळं. एकीने एका बाळाचा लंगोट बदलला, तेवढ्यात पलीकडे यंत्र केकाटलं, ती तशीच धावली आणि त्याच हातांनी दुसऱ्या बाळाचं तोंड साफ करू लागली. बेसिन पार दाराशी, त्याच्यापुढे खोक्यांची चळत. तिथपर्यंत जाऊन यायचं तर इकडे एखादं बाळ निळं पडेल. त्या पोरींचा मला राग आला नाही. त्या बिचाऱ्या एका पाळण्यावरून दुसऱ्यावर नुसत्या फेकल्या जात होत्या. ट्रॉलीवरची बाटली दिसतच नव्हती. ती फक्त "या ताई" ऐकू आलं की बाहेर यायची, हेही तेव्हाच कळलं.

तेवढ्यात साहेबांची फेरी आली. मागे दोन शिकाऊ डॉक्टर आणि मोठ्या सिस्टर. साहेब पहिल्यांदा कोपऱ्यातल्या आजारी बाळापाशी गेले, जंतू निघालेल्या तिघांपैकी एक. पोट दाबलं, सलाईनची सुई पाहिली, तोंड उघडून पाहिलं. तिथून सरळ आमच्याकडे. शेजारच्या बाईला म्हणाले, "काय म्हणतोय आमचा पैलवान?" आणि तेच हात तिच्या मुलाच्या पाठीवर, पोटावर फिरवले, गालाला लाडाने चिमटा घेतला, बोटाने त्याचे ओठ उघडून आत पाहिलं. तिच्या डोळ्यांत काय आनंद होता! प्रमुख डॉक्टरांनी स्वतः तिच्या मुलाचा लाड केला होता.

मी गप्प होते. आमच्या कामात तपासणीचा एक नियम आहे: बघणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही, हात साफ केला की नाही ते नुसतं मोजायचं. मध्ये बोललात तर आकडे बिघडतात. इतकी वर्षं मी तेच करत आले होते आणि त्या क्षणीही, पिटुकली छातीशी असताना, मी तेच केलं. मनात मोजलं: एक चूक.

मग साहेब वळले आणि तो हात पिटुकलीकडे आला.

"हात लावू नका तिला!"

मी एवढ्या जोरात ओरडले की पिटुकली दचकली. साहेबांचा हात हवेतच राहिला.

"कोण आहे ही?" ते मोठ्या सिस्टरांकडे वळले. "नातेवाइकांना काही शिस्त आहे की नाही?"

"मी हिची मामी. आधी हात साफ करा, मग लावा."

"बाई, मी इथला प्रमुख आहे."

"असाल. हात तेच आहेत ना, आत्ता त्या आजारी बाळाच्या तोंडात घातलेले?"

आवाज ओळखून मोठ्या सिस्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "या आपल्या..."

"साबणबाई," मी म्हटलं. "म्हणा ना. सगळे म्हणतात."

साहेबांचा चेहरा झरकन बदलला. हसू आणून म्हणाले, "अहो, तुम्ही होय! मग आधी सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं आधी, मी येतेय म्हणून? ते तर दर वेळी दारातून ओरडून सांगतात. म्हणून तर तुमचे हात स्वच्छ असतात. ती बाटली दाबा साहेब. दाबा ना, सगळ्यांसमोर."

त्यांनी दाबली. काही आलं नाही. "अडकलीय वाटतं," ते पुटपुटले.

"चौदाच्या चौदा अडकल्यात?"

ते निघून गेले. बेसिनकडे नाही, दाराकडे. शिकाऊ डॉक्टर खाली मान घालून त्यांच्या मागे गेले. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवून त्याला झाकत होती. मी तिला म्हटलं, त्याचं तोंड पुसून घ्या. याहून जास्त काय सांगायचं ते मला सुचलं नाही.

पिटुकलीला पाळण्यात ठेवून मी मोठ्या सिस्टरांना सामानाच्या खोलीत गाठलं. "चौदा बाटल्या भांडून आणल्या मी! तोंड बंद करून नुसत्या मांडायला?"

त्याही काही कमी नाहीत. कमरेच्या किल्ल्या खण्णकन टेबलावर टाकून त्या म्हणाल्या, "ओरडू नका माझ्यावर. एक बाटली अर्धी दिसली असती तर काय लिहिलं असतंत तुम्ही? 'अपुरी', असंच ना? आणि दुसरी मागायला गेले की साहेब विचारणार, पहिली एवढ्यात संपलीच कशी. मागच्या वर्षी हातमोजे जास्त लागले तर मला सगळ्यांसमोर उभं केलं त्यांनी, घरी नेता का म्हणून विचारलं. यंदा काही लागलं नाही तर ढाल दिली. तुम्ही भरलेल्या बाटल्या मागत होतात, ते न संपणाऱ्या बाटल्या मागत होते. मी दोघांना हवं ते दिलं!"

मग त्यांनी स्वतःच कपाट उघडलं. आत जपून ठेवलेल्या नव्या बाटल्यांची रांग होती. त्या एकेक बाटली काढत होत्या, दात-ओठ खाऊन तिचं बोंडूक फिरवत होत्या, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आम्ही दोघींनी मिळून त्या आणि पाळण्यांशी लावलेल्या सगळ्या बाटल्या उघडल्या. बेसिनपुढची खोकी मी स्वतः ओढून बाहेर फेकली.

शेजारच्या बाईचा मुलगा दुसऱ्या दिवशी दूध घेईना. संध्याकाळी तो राखाडी दिसू लागला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तोच जंतू. सगळी औषधं दिली. मोठ्या सिस्टर घरी गेल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

जंतू त्याच्या अंगात साहेबांच्या त्याच हाताने गेला की आधीच कुणाच्या हाताने, हे डॉक्टरीणबाईही सांगू शकत नाहीत. मला तो आधार घ्यायचाही नाही.

पिटुकलीला काही झालं नाही. तिचं वजन वाढलं. ठमी उठून बसली आणि तिने तिला पहिल्यांदा छातीशी घेतलं. घरात सगळ्यांच्या जिवात जीव आला. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटल्या, "आमच्या सुनेने साहेबांना असं झापलं, असं झापलं!" मी त्यांना म्हटलं, "आई, पुरे." त्यांना कळेना काय झालं ते.

मूल गेल्यावर मात्र साहेबांनी उरलेली बाळं दुसऱ्या खोलीत हलवून नवजात विभाग बंद केला. दारावर पाटी लागली: "रंगकामासाठी बंद." बाहेरच्या समितीलाही तसंच कळवलं आणि तिची भेट पुढे ढकलली. जंतूंचा शब्द कुठेच नाही. ती पाटी मी फाडली, दुपारी नवी लागली. आणि लगेच आमच्या समितीची बैठक ठरली. विषय म्हणे "नवजात विभागातील अलीकडील घटना". साहेबांनी मला आधीच बोलावून सांगितलं, "बाळ मुळात कमकुवत होतं, एवढंच बोलायचं. तुमच्या घरच्या बाळामुळे तुम्ही जरा भावनाविवश झाला होतात, मी समजून घेतलंय." समजून घेतलंय! मी दार आपटून बाहेर पडले.

बैठकीच्या दिवशी मी जिन्यातून वर जात होते. खालून कुणीतरी हाक मारली, "मामी." तीच होती. मुलाची राहिलेली दुपटी न्यायला आली होती. हातात छोटी पिशवी. डोळे रडलेले नव्हते, कोरडे ठक्क होते.

"तुमची कशी आहे?" तिने विचारलं.

"बरी आहे."

"देव करो आणि तशीच राहो." मग ती दोन पायऱ्या वर आली. "एक विचारू? त्या दिवशी साहेबांनी तुमच्या बाळाकडे हात नेला तेव्हा तुम्ही ओरडलात. त्याच्या आधी माझ्या बाळाला लावला. तेव्हा तुम्ही बघत होतात. मी बघितलं तुम्हाला बघताना. तेव्हा का नाही ओरडलात?"

मी खोटं बोलू शकले असते. लक्षात आलं नाही म्हणाले असते तर तिने मान्यही केलं असतं.

"मी मोजत होते," मी म्हटलं.

"काय?"

"चुका."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला स्वतःचा संताप आला. कार्यक्रम, चित्रं, शिकवण्या, आकडे, आणि एका बाईच्या छातीशी मूल असताना मी मोजत बसले होते. आपलं असतं तेव्हा ओरडायचं आणि दुसऱ्याचं असतं तेव्हा मोजायचं, हे मी करत होते.

"चला," मी तिला म्हटलं.

"कुठे?"

"वर. त्याच्याबद्दलच बोलणार आहेत. तुम्हाला जे विचारायचं ते तिथे विचारा. आधी मला विचारा, सगळ्यांसमोर, पुन्हा. मग त्यांना."

ती पिशवी पोटाशी धरून माझ्यामागे आली.

बैठक सुरू झाली होती. खोलीत स्पिरिटचा वास, टेबलावर बिस्किटं. साहेबांचं भाषण नुकतंच "आपण सर्वांनी हे दुःखद प्रकरण" इथपर्यंत आलं होतं. दार उघडलं तसे सगळे वळले. डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. मोठ्या सिस्टरांनी पदर तोंडाशी नेला.

"ह्या कोण?" साहेब म्हणाले. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. पैलवान म्हणून ज्याच्या गालाला चिमटा घेतला होता, त्याच्या आईकडे त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"जे बाळ मुळात कमकुवत होतं असं तुम्ही सांगणार आहात, त्याची आई," मी म्हटलं. माझी खुर्ची ओढून मी तिला बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिले. "त्यांचा पहिला प्रश्न मला आहे. मी उत्तर दिल्यावर दुसरा तुम्हाला."

सॅनिटायझरची बाटली टेबलभर फिरून नेमकी तिच्यासमोर येऊन थांबली होती, अर्धी संपलेली. ती त्या बाटलीकडे बघत राहिली. आम्हा सगळ्यांना वाटलं, ती आता बोलेल. तिने पिशवी मांडीवर ठेवली, एक हात पुढे केला आणि बाटली दाबली. तळव्यावर सॅनिटायझर आलं. तिने पुन्हा दाबली. पुन्हा आलं. मग तिने तळवे चोळले, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं, सगळं क्रमाने. मी लावलेलं ते चित्र पाळण्यासमोर बसून बसून तिला पाठ झालं होतं.

हात वाळले तेव्हा तिने मान वर करून साहेबांकडे पाहिलं.

"ही चालते की हो," ती म्हणाली.